कोशिंबिरीचे कार्ड आणि मेढेकरकाकांचे भिन्नमत

मेढेकरकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गुडघ्यांवर होतो आणि ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून चहा पीत होते. अमेरिकेत पिस्कॅटवे गावी त्यांच्या मुलीच्या घरातला जुना गालिचा उखडून लाकडी फळ्या बसवायचे काम आमच्या टोळीला मिळाले होते. आत्याने वडिलांचे इमिग्रेशनचे कागद केले, वडिलांच्या मागोमाग मी जतहून अमेरिकेत आलो आणि त्या दिवसापर्यंत माझ्या तीन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या. शाळा नववीतच सुटलेली. एका जागी टिकणे हा माझा गुण कधीच नव्हता.

दिवाणखान्यात तपकिरी, जाडजूड पुस्तकांची खोकी रचलेली होती. ती हलवल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हते. चौथे खोके उचलताना मी कावलो आणि विचारले, "काका, एवढं काय लिहून ठेवलंय यात?"

"भांडणं," काका म्हणाले.

"एवढी?"

"एवढीच. बाकीची छापण्यालायक नव्हती. तुम्ही जेवलात का?"

मला 'तुम्ही' म्हणणारे अमेरिकेतले ते पहिले मराठी माणूस. मी चुकून मागे वळून पाहिले, दुसरे कोणी उभे आहे की काय म्हणून.

काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहितो आहे म्हणून सांगतो, आपल्या मराठी मंडळात बहुतेकांना काका 'लंडनला कोर्टात होते' एवढेच माहीत आहे. ते वकिलीची परीक्षा पास झालेले आहेत, पण वकिली त्यांनी केली नाही. तीस वर्षे ते वरिष्ठ न्यायालयांत मागच्या बाकावर बसले. न्यायाधीशांचे निकाल टिपून घ्यायचे, त्यांतले महत्त्वाचे निवडायचे, वर चार ओळींचा सारांश लिहायचा, न्यायाधीशांकडून तपासून घ्यायचे आणि ग्रंथात छापायचे, असे ते काम. मला हसू आले होते. दुसऱ्याचे बोलणे उतरवून घ्यायला परीक्षा कशाला पाहिजे?

काका रागावले नाहीत. त्यांनी सांगितले, की ब्रिटनमधला कायद्याचा फार मोठा भाग पार्लमेंटने लिहिलेलाच नाही. एकेका भांडणात वरच्या न्यायाधीशाने जे कारण दिले, ते पुढच्यांनी धरले आणि त्याचाच कायदा होत गेला. न्यायाधीश निवृत्त झाला, वारला, तरी त्याचे कारण चालूच.

"म्हणजे मेलेला माणूस हुकूम सोडतो?" मी विचारले.

"हुकूम त्या दोन भांडणाऱ्यांपुरता असतो, संतोषराव. कारण सगळ्यांना लागू होतं. तुम्हालासुद्धा. इथल्या अमेरिकन कोर्टांनाही ती सवय तिकडूनच लागलेली आहे."

एका वयस्कर न्यायमूर्तींची गोष्ट ते नेहमी सांगतात. एका विधवा बाईंचा दावा त्या न्यायमूर्तींनी फेटाळला होता. निकाल छपाईच्या वाटेवर असताना न्यायमूर्तींनी काकांना बोलावून घेतले आणि एकच शब्द खोडला. त्या बाईंना त्यांनी 'मूर्खपणाने वागलेल्या' म्हटले होते. ते म्हणाले, "कायद्याला या शब्दाची गरज नाही, आणि बाई हे वाचतील." काका सांगतात, की बाई ते वाचणार हे आपल्या डोक्यातच आले नव्हते. त्या दिवसापासून छापायला जाणारा प्रत्येक कागद ते, ज्याच्याविषयी तो आहे त्या माणसाच्या जागी बसून वाचू लागले. आपल्या मंडळाची स्मरणिका, पत्रके, सूचना, सगळे त्यांच्या नजरेखालून जाते ते उगीच नाही.

मला गोगलगाईची गोष्ट त्यांनी फळ्या बसवतानाच सांगितली. स्कॉटलंडमधल्या एका बाईंना त्यांच्या मैत्रिणीने आल्याचे फसफसणारे पेय घेऊन दिले. बाटली गडद काचेची, आतले दिसत नाही. अर्धे पिऊन झाल्यावर बाटलीतून सडलेली गोगलगाय बाहेर आली म्हणे. बाई आजारी पडल्या. पण पैसे मैत्रिणीने दिलेले, आणि तेही दुकानदाराला. मग बाटली भरणाऱ्याचा आणि बाईंचा संबंध काय? प्रकरण थेट सर्वांत वरच्या न्यायाधीशांपर्यंत गेले. पाचांपैकी तिघे बाईंच्या बाजूने. त्यांतल्या एकांनी कारण असे दिले, की आपल्या कामाने ज्याला इजा होईल असे समजण्यासारखे आहे तो प्रत्येक माणूस आपला शेजारी. त्याची काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक आहे, मग व्यवहार झालेला असो वा नसो.

"आणि गोगलगाय खरंच होती का?"

"ते कधी सिद्धच झालं नाही!" काका खोखो हसले. "तडजोड झाली. गोगलगाय असेल नसेल, कारण मात्र राहिलं. आज तुम्ही कुठलीही बाटली बिनधास्त उघडता ना, ते त्यामुळे."

मी हसलो, फळी ठोकली आणि विसरलो.

पुढे फळ्यांचे काम सोडून मी स्वयंपाकात शिरलो. हाताला चव आहे असे आई म्हणायची, तीच कामी आली. मंडळाच्या कार्यक्रमांचे जेवण माझ्याकडे यायला लागले, त्यामागे काकांचा शब्द होता. "पोरगा धांदरट आहे, पण त्याच्या आमटीला खोटं बोलता येत नाही," अशी शिफारस त्यांनी भर बैठकीत केली होती.

आता तो गणपतीचा रविवार. आपल्यापैकी बरेच जण तिथे होते, तरी जे नव्हते त्यांच्यासाठी लिहितो. शाळेच्या जेवणघरात पंगत होती. प्रत्येक पदार्थापुढे त्यातल्या जिन्नसांचे छापील कार्ड ठेवायचे, असे त्या वर्षी समितीने ठरवले होते. मंडळाच्या चिटणीस शुभांगीकाकूंनी मला फोन करून यादी विचारली. कोशिंबिरीचे मी धडाधड सांगितले: काकडी, दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, जिऱ्याची फोडणी. दाण्याचे कूट सांगितले नाही. लपवले असे नाही. ते आठवलेच नाही. कूट मी 'घालत' नाही. काकडी चिरून झाली की हात आपोआप डब्यात जातो. आमच्याकडे आईचा जायचा, आजीचा जायचा.

मंडळातली मृणाल इथेच जन्मलेली, वाढलेली. तिच्या सात वर्षांच्या इराला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी. मृणालने कार्ड दोनदा वाचले आणि लेकीला दोन चमचे कोशिंबीर वाढली.

मी पुऱ्या तळत होतो. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी "नाइन वन वन!" असे ओरडले. झारा हातात घेऊनच मी धावलो. त्या पोरीचे ओठ सुजले होते आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मृणालने पर्समधून इंजेक्शनचे पेन काढून तिच्या मांडीत खुपसले. त्या आईचा हात जराही हलला नाही, आणि मी मात्र झारा धरून नुसता उभा होतो. ॲम्ब्युलन्स आली, गेली. मागे चारशे माणसे राहिली. मग कुणीतरी कोशिंबिरीच्या भांड्यात बोट घालून चाखले आणि माझ्याकडे पाहिले.

इरा दुसऱ्या दिवशी घरी आली. देवाची कृपा, असे मी तेव्हा म्हटले. आता म्हणतो, तिच्या आईची.

मंडळाने पाच जणांची चौकशी समिती नेमली. त्यात काका होते म्हणून मी निश्चिंत होतो. मला बोलावले तेव्हा मी तावातावाने सांगितले, "मला ऑर्डर मंडळाने दिली. मंडळाने तक्रार करावी. त्या मुलीचा आणि माझा व्यवहार काय?"

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "संतोषराव, त्या बाटलीवाल्याच्या वकिलाने हेच सांगितलं होतं."

कानाखाली बसल्यासारखे झाले मला. ज्या माणसाच्या घरी रविवारी हक्काने चहा प्यायचो, त्यांनी चार लोकांसमोर मला पहिल्या वाक्यात पकडले होते. मी उठलो, दार आपटले आणि त्याच आठवड्यात पिस्कॅटवे सोडून हर्नडनला आलो. व्हर्जिनियात सगळीकडे आयटीवाले, त्यांना घरचे जेवण लागतेच. एका खानावळीत काम लगेच मिळाले. काकांचे फोन आले. मी उचलले नाहीत.

महिन्याभराने खाकी पाकीट आले. आत सहा पाने आणि काकांच्या अक्षरात चिठ्ठी: "पहिली चार पाने चौघांची, शेवटची दोन माझी. सगळी वाचा. चूक आढळल्यास कळवा."

चौघांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष एकट्या आचाऱ्याचा. त्याला मंडळाचे काम पुन्हा कधीही देऊ नये. काकांची दोन पाने म्हणजे भिन्नमतपत्रिका. ती मी उभ्याने वाचायला घेतली आणि वाचता वाचता पिठाच्या पोत्यावर बसलो. त्यांतला हा भाग इथे जशाच्या तसा देतो:

"श्री. संतोष यांची जबाबदारी मला मान्य आहे. आपल्या हातचे कोण खाणार हे ज्याला माहीत नसते, त्याने प्रत्येकाला डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. परंतु 'एकट्याचा' हा शब्द मला मान्य नाही. छपाईपूर्वी ते कार्ड मी वाचले होते. 'कोथिंबीर' शब्दातली वेलांटी मी दुरुस्त केली. कूट लिहिलेले नाही, हे मला दिसले नाही. मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे; कोशिंबिरीत कूट असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. उणीव ओळखू शकणाऱ्या आम्हा सर्वांच्या डोळ्यांखालून कार्ड गेले आणि आम्ही ती ओळखली नाही. मुलीच्या आईने ते काळजीपूर्वक वाचले, तिला ती ओळखता येणे शक्य नव्हते. आचाऱ्यास स्वयंपाकघरातून काढायचे असेल, तर मलाही संपादनातून काढावे."

कार्ड काकांनी तपासले होते! स्मरणिका, पत्रके ते वाचतात हे सगळ्यांना ठाऊक, पण हे कार्डही त्यांनी वाचले हे कुणालाच माहीत नव्हते. मला नाही, शुभांगीकाकू सोडून समितीतल्या कुणाला नाही, मृणालला तर नाहीच. गप्प बसले असते तर आयुष्यभर कळले नसते. तीस वर्षे ज्यांनी न्यायाधीशांच्या शब्दांतल्या चुका काढल्या, त्यांनी स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून, छापायला दिली होती. मी ते पान किती वेळ धरून बसलो होतो, सांगता येत नाही. मालक ओरडला तेव्हा भानावर आलो.

चौकशी समितीच्या शेवटच्या बैठकीत काय झाले ते मला पुढे शुभांगीकाकूंनी सांगितले. आपल्याकडे प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते' लिहितात. ते आधीच टाइप झालेले होते.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमचं नाव कुणी घेतलंय का? कशाला ओढवून घेता?"

"कुणी घेतलं नाही म्हणून तर मला घ्यावं लागलं."

"अहो, सर्वानुमते म्हटलं की विषय मिटतो."

"'चौघांच्या मते' लिहा. तेवढ्यानेही ठराव पास होतो."

"लोक काय म्हणतील?"

"वाचलं तर काहीतरी म्हणतील. आधी वाचू द्या."

शेवटी तोडगा निघाला, की काकांचे म्हणणे शेवटी बारीक टाइपात घालावे. त्यावर काका म्हणाले, "माझा चष्मा जाड आहे हो. त्याच टाइपात घाला." शुभांगीकाकू म्हणाल्या, "संतोष, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी 'सर्वानुमते' खोडलं रे. हात चालेना माझा."

त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला दुपारी काकांच्या टेबलावरच्या सात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आपण सगळे हे विसरायला उत्सुक आहोत, हे मला कळते. पण गौरव करायचा तर हेही लिहायला हवे. ते पाकीट आल्यापासून मी काकांशी पुन्हा बोलू लागलो होतो; फोनवर चिडून विचारले तेव्हा काका म्हणाले, "चकल्या सगळ्या माझ्याच वाट्याला आल्या." मग त्यांनी सांगितले, की गोगलगाईच्या निकालात शेजाऱ्याचे ते कारण देणारे जे न्यायाधीश, तेच पुढे महायुद्धाच्या काळात एकटे पडले होते. मंत्र्याने कुणालाही खटल्याविना डांबावे आणि कोर्टाने कारण विचारू नये, असे पाचांपैकी चौघे म्हणाले. हे एकटे म्हणाले, कारण विचारता आले पाहिजे. सहकारी जेवणाच्या टेबलावर त्यांना टाळू लागले, असे सांगतात. ते वारले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, निकालाला सुमारे चाळीस वर्षे उलटल्यावर, त्याच सर्वोच्च ठिकाणाहून सांगितले गेले की चौघांचे चुकले होते.

"मग त्यांना काय मिळालं?" मी विचारले.

"त्यांना काहीच नाही. पण पुढच्यांना उचलायला कागद मिळाला ना. भिन्नमत लिहायचं ते त्यासाठी."

वसंतात काका मुलीबरोबर हर्नडनला आले. मुलगी तिच्या कामाला गेली आणि हे वही-पेन्सिल घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात.

"ये इन्स्पेक्टर है क्या?" मालक घाबरला.

"नहीं, मेरे काका हैं."

काका स्टुलावर बसले. "कोशिंबीर नको. ती तुम्ही आता जन्मात विसरणार नाही. आमटी करा."

"डाळ शिजवून घेतो, मग फोडणीला—"

"बोलू नका. करा."

कोर्टात माणूस काय म्हणाला ते लिहायचे. इथे त्यांनी हाताने काय केले ते लिहिले. तोंडाने मी सहा जिन्नस सांगितले असते. त्यांच्या वहीत तेरा निघाले. गोड्या मसाल्यातले तीळ आणि खोबरे वेगळे लिहिलेले. हिंगाचा डबा उलटून वाचून, त्यातले गव्हाचे पीठ लिहिलेले. आणि अकराव्या ओळीत: "उपासाच्या शेंगदाण्याच्या आमटीतला डाव न धुता या भांड्यात घातला."

"हे मी केलं?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी."

 इतके सगळे होऊन, त्या पोरीच्या श्वासाची शिट्टी कानातून जात नसताना, माझ्या हाताने पुन्हा तेच केले होते. मी ती आमटी सिंकमध्ये ओतली आणि तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. काकांनी पाठीवर हात ठेवला नाही की धीर दिला नाही. ते म्हणाले, "आता मृणालला फोन करा. इतके महिने झाले, तुम्ही एकदाही केलेला नाही."

केला. "मृणालताई, संतोष बोलतोय. चूक माझी होती," एवढेच म्हणता आले.

 मृणाल म्हणाली, "आय नो. मी कार्ड दोनदा वाचलं होतं, यार. ट्वाइस." आणि फोन ठेवला गेला.

काका परत गेल्यावर त्या तेरा ओळी टाइप होऊन टपालाने आल्या. समासात सूचना: "तपासून परत पाठवावे." मी नववी नापास माणूस. तरी 'चिंच' खोडले आणि 'आमसूल' लिहिले. उलट टपाली उत्तर आले: "दुरुस्ती मान्य. आभारी आहे." माझ्या हातचा कागद कुणी इतक्या गांभीर्याने कधी वाचला नव्हता. तेव्हापासून एकेक करून चाळीस पदार्थांची वही झाली आहे. आणि एक सांगायचे म्हणजे मी अजून त्याच खानावळीत आहे.

या वर्षी मंडळावर नवी समिती आली. त्यांनी जुना अहवाल काढला, शेवटची दोन पाने वाचली आणि ठरवले, की यापुढे कार्ड फोनवरून होणार नाही. स्वयंपाक चालू असताना दोघांनी समोर उभे राहून लिहायचे, त्यांतला एक ॲलर्जी असलेल्या घरातला. माझ्यावरची बंदीही उठली. मी आनंदाने काकांना फोन केला.

"एवढ्यात?" ते म्हणाले. त्यांना खरेच धक्का बसला होता. "कुणी पूर्ण वाचलं तरी का? उद्या पुन्हा वाचायला सांगा त्यांना. घाईत मान्य केलेलं घाईत विसरलं जातं."

काकांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाचे जेवण करायला मला बोलावले आहे. शनिवारी सकाळी हर्नडनहून निघेन. खरे सांगतो, आठवडाभर मला भीती वाटत होती. नको म्हणून कळवावे, असे दोनदा मनात आले. परवा दुपारी मृणालचा फोन आला.

"संतोष, संडेला तू कोशिंबीर करतोयस?"

"नाही ठेवणार, ताई. काढून टाकतो."

"नो, नो. कर. फक्त कूट नको. इरा विचारतेय. मंडळाचं कार्ड लिहायचं काम मी घेतलंय. मी आठला येऊ की साडेसातला?"

 मागून इराचा आवाज आला, "टेल हिम आय डोन्ट लाइक टू मच मिरची!"

"साडेसातला या," मी म्हणालो.

मेढेकरकाका, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, पेन्सिलीला टोक राहो, गुडघे जिना चढू देवोत. रविवारी पंगतीला लवकर या. काकडी मी साडेसातलाच चिरायला घेणार आहे, मृणालताईंच्या समोर.